मेलेली पेशी, जिवंत पेशी: कांदा, यीस्ट, दूध आणि एक निळा रंग

शाळेच्या प्रयोगवहीत कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र असतंच. विटांच्या भिंतीसारखे चौकोन, प्रत्येकात एक ठिपका, बाजूला पट्टीने मारलेल्या रेघा आणि नावं. त्या चित्रातल्या सगळ्या पेशी मेलेल्या असतात. आयोडीनचा थेंब पडला की पेशी मरते, आणि मग केंद्रक पिवळं-तपकिरी होऊन ठसठशीत दिसतं. चित्र चुकीचं नाही, पण ‘पेशी हा सजीवांचा मूलभूत घटक’ हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाने जिवंत पेशी एकदाही पाहिलेली नसते.

पेशी जिवंत आहे की मेलेली, हे शाळेच्या साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली आणि स्वयंपाकघरातल्या जिनसांवर अगदी स्वच्छ दाखवता येतं. खालचे प्रयोग त्यासाठीच आहेत. लागणारं सामान असं: लाल कांदा, मीठ, बेकिंगसाठी मिळणारं कोरडं यीस्ट, दूध, विरजण, बटाटा, औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीनचं द्रावण आणि मिथिलीन ब्लू. मिथिलीन ब्लू शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात १ टक्का द्रावण म्हणून मिळतं. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातही मिळतं, पण त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून लेबल वाचूनच घ्यावं. कपड्यावर आणि बोटांवर त्याचा डाग बसतो. हातमोजे आणि जुनं वर्तमानपत्र आधी, बाटलीचं बूच नंतर.

आधी सूक्ष्मदर्शक

निम्मे प्रयोग काचपट्टीमुळे नाही, उजेडामुळे फसतात. आरशाला दोन बाजू असतात, सपाट आणि अंतर्वक्र. मंचाखाली संघनक भिंग असेल तर सपाट बाजू, नसेल तर अंतर्वक्र. आरसा खिडकीतल्या आकाशाकडे वळवावा, उन्हाकडे कधीच नाही. आरशातून आलेलं ऊन थेट डोळ्यात जातं.

सुरुवात नेहमी १० एक्सच्या वस्तुभिंगाने करायची. बाजूने बघत भिंग काचपट्टीच्या जवळ आणायचं, मग नेत्रिकेला डोळा लावून ते हळूहळू काचपट्टीपासून दूर न्यायचं. उलट केलं, म्हणजे आत बघत बघत खाली आणलं, तर एक ‘कट्’ असा आवाज येतो आणि आच्छादक काच गेलेली असते. ४५ एक्सवर गेल्यावर भिंग वरखाली करणाऱ्या मोठ्या चकतीला हात लावायचा नाही, फक्त बारीक चकती.

आणखी एक काम सुरुवातीलाच उरकून घ्यावं. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी मंचावर ठेवून १० एक्समधून बघा आणि गोलाच्या व्यासात किती मिलिमीटर मावतात ते मोजा. बहुतेक शालेय सूक्ष्मदर्शकांत हा आकडा दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान येतो. समजा १.८ आला. ४५ एक्सवर तो साडेचार पट लहान होतो, म्हणजे ०.४ मिलिमीटर. आता १० एक्सच्या गोलाच्या व्यासात कांद्याच्या सहा पेशी आडव्या मावल्या तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर. वहीत ‘मोठं करून दाखवलेलं चित्र’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहिलेला बरा.

आणि बुडबुडे. काळीकुट्ट, जाड, अगदी गोल कडा आणि आत लख्ख उजेड असं काही दिसलं तर ती हवा आहे. दर वर्षी कितीतरी वह्यांमध्ये हाच बुडबुडा ‘पेशी’ म्हणून निगुतीने रंगवलेला असतो, केंद्रकासकट. तो टाळायचा तर आच्छादक काचेची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवायची, काच साधारण ४५ अंशात धरायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. वरून सपाट टाकली की हवा अडकलीच.

कांदा: मरण्याआधी आणि मेल्यानंतर

पापुद्रा कुठला काढायचा याला महत्त्व आहे. पुस्तकातल्या प्रयोगासाठी मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घेतात, कारण तो सहज सुटतो आणि एकाच थराचा असतो. पण तो रंगहीन असतो. जिवंत पेशी बघण्यासाठी बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा हवा. त्यासाठी हिवाळ्यात बाजारात येणारा गडद लाल कांदा उत्तम. साठवणीचा उन्हाळी कांदा फिकट असतो, त्यात रंग शोधत बसावं लागतं.

वरची सुकी सालं काढा. पहिल्या मांसल पाकळीच्या फुगीर बाजूवर जिथे जांभळा रंग सर्वात गडद आहे तिथे ब्लेडने ५ मिलिमीटरचा चौकोन हलकेच आखा. चिमट्याने त्याचा एक कोपरा उचलून ओढा. आतल्या पापुद्र्यासारखा हा सरसर निघत नाही, थोडा गर बरोबर येतो. हरकत नाही, कडेला जिथे तो पातळ झालाय तिथेच बघायचं आहे. पापुद्रा लगेच पाण्याच्या थेंबात ठेवा. हवेत ठेवला तर गुंडाळी होते आणि मग ती सोडवताना फाटतो.

साध्या पाण्यात, कोणताही रंग न घालता १० एक्सखाली बघा. जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेले लांबट कप्पे दिसतील. हा रंग, अँथोसायनिन, रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीतल्या) रसात विरघळलेला असतो. वनस्पतिपेशीतली बहुतेक जागा रिक्तिकेनेच व्यापलेली असते, म्हणून पेशीच जांभळी वाटते. ब्लेड लागलेल्या कडेच्या पेशी मात्र रिकाम्या, रंगहीन दिसतील. त्या फुटलेल्या आहेत.

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून घ्या. सपाट भरलेला एक छोटा चमचा जवळपास तेवढाच असतो. आच्छादक काचेच्या एका कडेला या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टीपकागदाचा तुकडा टेकवा. कागद साधं पाणी ओढून घेईल आणि खाऱ्या पाण्याची धार पापुद्र्यावरून सरकेल. डोळा नेत्रिकेवरून हलवू नका, कारण सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा आहे. जांभळा रंग आधी कोपऱ्यांतून सुटतो. मग तो भिंतीपासून आत आत सरकतो, गडद होतो आणि शेवटी चौकोनी कप्प्यात एक गोलसर जांभळा गोळा उरतो. हा रससंकोच.

इथे वर्गात विचारण्यासारखा प्रश्न एकच: भिंत आणि गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय आहे? बहुतेक उत्तरं ‘हवा’ किंवा ‘काहीच नाही’ अशी येतात. तिथे खारं पाणी आहे. पेशीभित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते तिच्या आतलं पातळ आवरण, प्रद्रव्यपटल. पटलाबाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी परासरणाने बाहेर जातं. मीठ मात्र त्या वेगाने आत येऊ शकत नाही. भित्तिका आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एरवी शब्दांतच राहतं. इथे दोघांमध्ये फट पडलेली डोळ्यांनी दिसते.

मग तीच काचपट्टी साध्या पाण्याने धुवायची: एका कडेला थेंब, दुसऱ्या कडेला कागद, असं चार-पाच वेळा. काही मिनिटांत गोळे फुगून पुन्हा भिंतीला टेकतात. सगळ्या पेशी परत येतीलच असं नाही. खारं पाणी दहा टक्क्यांचं केलं, किंवा पेशी अर्धा तास तशाच ठेवल्या, तर पटलाला इजा होते आणि रंग कप्प्याबाहेर पसरतो. ५ टक्क्यांवरून एकदम साध्या पाण्यात आणल्यानेही काही फुटतात. मधे २ टक्क्यांचं पाणी एकदा फिरवलं तर जास्त पेशी वाचतात.

आता मेलेली पेशी. दुसरा तसाच जांभळा पापुद्रा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. पाण्याला जांभळट छटा येईल आणि पापुद्रा फिका पडेल. त्याच्यावर खारं पाणी कितीही फिरवा, काही होणार नाही. पटल फाटलं, आतबाहेर असा भेदच राहिला नाही, तर पाणी कुठून कुठे जाणार? बीट कच्चं भिजत ठेवलं तर पाणी जेमतेम गुलाबी होतं आणि उकडलं की लालभडक, त्यामागे हेच कारण. कोशिंबिरीच्या काकडीला आधीच मीठ लावलं की पाणी सुटतं, तो मात्र कांद्याचा पहिला भाग.

आयोडीन सगळ्यात शेवटी. घाई करून आधी आयोडीन टाकणं आणि मग ‘मिठाने काहीच होत नाही’ म्हणणं, ही या प्रयोगातली सर्वात मोठी चूक. आयोडीनचं द्रावण शाळेत बनवत असाल तर क्रम लक्षात ठेवा: २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, ढवळा, आणि मग ३०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरा. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी खडे तसेच बसून राहतात. आयोडाइडबरोबर त्याचा त्रि-आयोडाइड आयन तयार होतो, आणि तो पाण्यात सहज राहतो. बाटली गडद काचेची हवी.

ज्यांना आकडेमोडीची हौस आहे त्यांनी १, २, ३, ४ आणि ५ टक्के अशी मिठाची पाच द्रावणं करावीत, प्रत्येकात एक ताजा पापुद्रा दहा मिनिटं ठेवावा, आणि पन्नास पेशी मोजून त्यातल्या किती आक्रसल्या ते लिहावं. आलेखावर निम्म्या पेशी जिथे आक्रसतात तिथे बाहेरचं द्रावण पेशीरसाच्या जवळपास समपरासारी (पाण्याची ओढ दोन्हीकडे सारखी) आहे असं धरता येतं. मिठाऐवजी साखर वापरली तर कितीतरी जास्त लागते. साखरेच्या एका रेणूचं वजन ३४२, मिठाचं ५८.५, शिवाय मीठ पाण्यात दोन आयनांत फुटतं आणि साखर अखंडच राहते. परासरणाला कणांची संख्या कळते, वजन नाही. रसायनशास्त्राच्या तासाला ‘मोल’ शिकवताना हा पापुद्रा हाताशी ठेवावा.

उकळलेल्या कांद्याचं ते जांभळट पाणीही फेकू नका. दोन वाट्यांत ओता. एकीत लिंबाचे थेंब पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. एक गुलाबी, एक हिरवट. दर्शक म्हणून हळदीपेक्षा हे बरं, कारण हळद फक्त आम्लारी ओळखते. आम्लात ती पिवळीची पिवळीच.

यीस्ट: जो निळा तो मेला

यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रोमीटरची. ४५० पट मोठी केली की राजगिऱ्यापेक्षा मोठी आणि ज्वारीपेक्षा लहान अशी दिसते. म्हणजे शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला झेपणारा हा सूक्ष्मजीव आहे.

१०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा साखर आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घाला. पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअस हवं. मनगटावर थेंब टाकला तर गरम वाटू नये, गारही वाटू नये. थंड पाण्यात कोरडं यीस्ट भिजवणं ही न कळणारी चूक आहे. कोरड्या पेशीचं पटल सुरकुतलेलं असतं, थंड पाण्यात ते नीट जुळून येण्याआधीच आतला ऐवज गळून जातो. फार गरम पाण्याने काय होतं ते सांगायला नको; ५५ अंशांच्या पुढे बहुतेक यीस्ट मरतंच.

वीस मिनिटांनी फेस दिसू लागला की त्यातलं चमचाभर दुसऱ्या भांड्यात घेऊन दोन मिनिटं उकळा आणि गार करा. आता तुमच्याकडे एक जिवंत नमुना आणि एक मेलेला.

मिथिलीन ब्लू मात्र पातळ हवं. १ टक्का द्रावणाचा एक थेंब अडीच मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्यात; हे झालं साधारण ०.०२ टक्के. काचपट्टीवर यीस्टचा एक थेंब आणि या पातळ रंगाचा एक थेंब मिसळा, काच झाका, पाच मिनिटं थांबा, ४५ एक्सवर बघा.

उकळलेल्या नमुन्यात सगळे दाणे निळे. जिवंत नमुन्यात बहुतेक दाणे बिनरंगी, मधूनमधून एखादा निळा. रंग जिवंत पेशीतही शिरतोच. पण तिच्या आत श्वसन चालू असतं आणि त्यातले इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्लूला मिळतात. इलेक्ट्रॉन मिळणं म्हणजेच क्षपण; त्याचं क्षपण होतं आणि क्षपित रूप रंगहीन असतं. मेलेल्या पेशीत हे काम करायला कोणी उरलेलं नसतं, म्हणून निळा तो निळाच राहतो. ऑक्सिडीकरण-क्षपण हा दहावीचा धडा एका पेशीच्या आत घडताना दिसतो, आणि तोही तांब्या-जस्ताच्या पट्ट्यांशिवाय.

सगळंच निळं दिसलं तर दोन शक्यता. एक, १ टक्का रंग तसाच वापरला. एवढं क्षपण करणं जिवंत पेशीच्याही आवाक्याबाहेर. दुसरी, काचपट्टी पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग बघितली. हा रंग पेशीला विषारी आहे, वेळ गेला की जिवंतही मरतात. घड्याळ लावूनच बघायचं. बिनरंगी दाण्यांवर बाजूला छोटा फुगवटा दिसला तर ती कळी. मुकुलायन दाखवायला वेगळी काचपट्टी करायची गरज नाही.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही त्यांनी दोन बाटल्या घ्याव्यात. दोन्हींत साखरपाणी, एकीत जिवंत यीस्ट, दुसरीत उकळून गार केलेलं, तोंडावर फुगे. अर्ध्या-एक तासात एक फुगा उभा राहतो, दुसरा लोळत पडतो. फुगा ताणून सैल करून मग लावावा, नवा कडक फुगा थोड्या वायूने उठत नाही. आतला वायू कोणता हे चुन्याच्या निवळीने कळतं. पानाला लावतात तो चुना एक चमचा अर्धा लिटर पाण्यात घालून हलवा, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. लिटरभर पाण्यात चुना दोन ग्रॅमही विरघळत नाही, त्यामुळे जास्त घालून निवळी ‘कडक’ होत नाही, फक्त तळाचा गाळ वाढतो. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि निवळी निकामी होते. फुग्यातला वायू नळीने निवळीत सोडला की ती दुधाळ होते. खूप वेळ सोडत राहिलात तर पुन्हा नितळ होते. कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालेलं असतं. हे पाहून प्रयोग चुकला असं समजू नये.

दूध, विरजण आणि तोच निळा रंग

जिवाणू यीस्टपेक्षा कितीतरी लहान. दह्यातले लॅक्टोबॅसिलाय जाडीला एक मायक्रोमीटरच्या आत आणि लांबीला काही मायक्रोमीटर असतात. शालेय सूक्ष्मदर्शकात ते निळ्या काड्यांसारखे जेमतेम दिसतात, आणि तेही काचपट्टी नीट झाली तर. दही ढवळून त्याचा थेंब घेतला तर दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांशही निळे होतात आणि सगळा राडा दिसतो. त्याऐवजी दह्यावर सुटलेलं पाणी घ्या, तेही पाचपट पातळ करून. थेंब काचपट्टीवर पसरा, हवेत पूर्ण सुकू द्या, मग काचपट्टी ज्योतीवरून तीनदा झरकन फिरवा म्हणजे थर चिकटेल. १ टक्का मिथिलीन ब्लू मिनिटभर, मग पाण्याच्या बारीक धारेने धुवा, टीपकागदाने टिपा. इथे जिवाणू मेलेलेच आहेत, म्हणून दाट रंग चालतो. काड्यांच्या जोडीला मण्यांच्या माळा दिसल्या तर गोंधळू नका. घरच्या विरजणात गोल जिवाणूही असतात.

पण जिवंतपणाची खरी परीक्षा वाटीत होते. दूध उकळून ४० अंशांपर्यंत निववा आणि चार वाट्यांत शंभर-शंभर मिलिलिटर घ्या. पहिलीत अर्धा चमचा विरजण. दुसरीतही तेवढंच, पण दोन चमचे पाण्यात कालवून, दोन मिनिटं उकळून, निववून. तिसरीत पहिल्यासारखंच ताजं विरजण, पण वाटी थेट फ्रिजमध्ये. चौथीत विरजण नाहीच, लिंबाचा रस चमचा-दीड चमचा.

पहिली वाटी पाच-सहा तासांत लागते. थंडीत जास्त वेळ, कोकणातल्या मे महिन्यात त्याहून लवकर. दुसरी त्या वेळात लागत नाही. ती दिवसभर उघडी ठेवली तर मात्र हवेतले आणि चमच्यावरचे दुसरे जिवाणू दूध नासवतील, त्याला ‘दही लागलं’ म्हणू नये. वाटी झाकून ठेवा आणि पहिली लागली की लगेच दोन्हींची तुलना करा. तिसरीही लागत नाही. पण ती फ्रिजमधून काढून उबेला ठेवली की काही तासांत लागते! उकळलेलं विरजण मेलं होतं, थंडीतलं नुसतं थबकलं होतं. फ्रिज सूक्ष्मजीवांना मारत नाही, थांबवतो. शिळ्या अन्नाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

चौथी वाटी खोडसाळ आहे. तिच्यात विरजण नसताना दूध लगेच फाटतं. म्हणजे दूध घट्ट होणं हा जिवाणूंचा थेट पुरावा नव्हे. घट्ट करतं ते आम्ल. दुधाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसिन हे प्रथिन एकमेकांना चिकटतं. लिंबू हा प्रवास एका क्षणात घडवतं, म्हणून चोथा आणि पाणी वेगळं होतं. जिवाणू लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल थोडं थोडं करत तासन्‌तास घेतात आणि वाटी न हलल्यामुळे केसिनची सलग जाळी बनते, तिच्यात पाणी अडकून राहतं. लागत असलेल्या दह्याची वाटी हलवू नये, असं घराघरात सांगतात ते याच जाळीसाठी.

आता निळ्या रंगाचा तिसरा उपयोग. तीन परीक्षानळ्यांत दहा-दहा मिलिलिटर दूध घ्या: एकीत निरसं, दुसरीत उकळून गार केलेलं, तिसरीत उकळून गार केलेल्या दुधात विरजणाचे चार-पाच थेंब. प्रत्येकीत पातळ मिथिलीन ब्लू इतकंच घाला की दूध फिकट आकाशी दिसेल. बूच लावून एकदाच उलटीसुलटी करा आणि ३७ अंशांच्या कोमट पाण्यात उभ्या ठेवा. पाणी गार होऊ लागलं की थोडं गरम घालत राहा. जिवाणू दुधातला ऑक्सिजन संपवतात आणि मग रंगाचं क्षपण होऊन दूध पुन्हा पांढरं होतं. जितके जिवाणू जास्त, तितका रंग लवकर जातो. दुग्धशाळांमध्ये कच्च्या दुधाची प्रत याच तत्त्वावर तपासण्याची पद्धत आहे: अर्ध्या तासाच्या आत रंग गेला तर दूध निकृष्ट, पाच तास टिकला तर उत्तम.

पांढऱ्या झालेल्या नळीत वर हवेला लागून एक निळी कड राहते. ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. म्हणूनच नळी सारखी हलवून बघायची नाही. हलवली की ऑक्सिजन मिसळतो, निळा परत येतो आणि तुमची वेळ मोजणी गेली. प्रयोगातलं दूध मोरीत ओतायचं, मांजरालाही नाही.

बटाटा: मेल्यावरही चालू राहणारं काम

इथपर्यंत आल्यावर असं वाटू शकतं की पेशीत काही घडत असेल तर ती जिवंत, नसेल तर मेलेली. बटाटा हा समज मोडतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं मिळतं. याचा अर्थ १ मिलिलिटर द्रावणातून पूर्ण विघटन झाल्यावर २० मिलिलिटर ऑक्सिजन सुटतो. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. डोळ्याला चष्मा, आणि भांडं झाकायचं नाही, वायू साठून झाकण उडतं. बाटली फार जुनी किंवा उन्हात ठेवलेली असेल तर पेरॉक्साइड आधीच विघटित झालेलं असतं आणि फेस येत नाही. दोष बटाट्याला लागतो.

चार पेल्यांत २०-२० मिलिलिटर घ्या. पहिल्यात कच्च्या बटाट्याची साधारण १ सेंटिमीटरची फोड. दुसऱ्यात तेवढीच फोड बारीक ठेचून. तिसऱ्यात उकडलेली. चौथ्यात रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवून सकाळी वितळवलेली.

पहिलीला कापलेल्या बाजूंवर फेस. दुसरीला भराभर, जास्त फेस, कारण पृष्ठभाग वाढला. उकडलेलीला नाही. आणि चौथीला फेस येतो, चांगला येतो. ती फोड बोटांनी दाबून बघा: लिबलिबीत झालेली, पाणी गळणारी. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडली आहेत, पेशी मेलेल्या आहेत. फेस मात्र येतोच, कारण तो कॅटालेज या विकराचा आहे. विकर म्हणजे प्रथिन. उकडल्यावर प्रथिनाची घडी उलगडते आणि ते निकामी होतं. गोठवल्यावर घडी शाबूत राहते. पेशी मेली म्हणून तिच्यातलं प्रत्येक यंत्र लगेच बंद पडत नाही. ठेचलेल्या बटाट्याचंही तेच.

सुटणारा वायू ऑक्सिजन आहे हे दाखवायला उदबत्ती पुरते. जळती उदबत्ती विझवून तिचं टोक नुसतं लाल राहू द्या आणि फेसाच्या बुडबुड्यात अलगद घाला. टोक लखलखतं, कधी कधी ज्योतही धरतं. ओल्या फेसात बुडवलीत तर विझेल, म्हणून पेला अरुंद घ्या आणि ती फेसाच्या जरा वर धरा.

एक गोष्ट करू नये

हाताच्या, मोबाइलच्या किंवा शौचालयाच्या कडीच्या जिवाणूंची अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीवर) ‘शेती’ करण्याचे व्हिडिओ मुलांना फार आवडतात. प्रयोगशाळेत निर्जंतुक करण्याची सोय नसेल तर ते टाळावं. एरवी विखुरलेला एखादा रोगजंतू तिथे कोट्यवधींच्या संख्येने वाढतो, आणि तो कोणता हे बघून कळत नाही. बुरशी पाहायची तर पारदर्शक पिशवीत पावाचा तुकडा पाणी शिंपडून, तोंड बंद करून ठेवा आणि बाहेरूनच भिंगाने बघा. पिशवी उघडायची नाही, हुंगायची तर नाहीच. पाव बेकरीतला सुटा घ्यावा. पाकिटातल्या ब्रेडमध्ये बहुधा बुरशीरोधक असतं, त्यावर बुरशी यायला बरेच दिवस लागतात आणि मुलं तोवर पिशवी विसरून गेलेली असतात. सुट्या पावाला दमट हवेत चार-पाच दिवस पुरतात.